पेनच्या ब्लँकमधलं भोक वाकडं जातंय? नवा चक घेण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा. लाकूडकामाचा छोटा लेथ आहे, शिसवीचे आणि ॲक्रिलिकचे 19 मिमी चौरस ब्लँक (पेन कातायचे तुकडे) आहेत, स्लिमलाइन या बारीक पेनच्या किटसाठी 7 मिमीचं भोक पाडायचंय. सुरुवात मधोमध होते, पण दुसऱ्या टोकाला भोक दोनेक मिमी सरकून बाहेर पडतं. काही ब्लँकमध्ये भोकात चिकटवायची पितळी नळी तोंडाशी ढिली बसते. आणि बिट बाहेर येताना टोकाची ढलपी उडते. या सगळ्यावर उपाय म्हणून चांगला कोलेट चक (गोल दांडा सगळीकडून आवळणारी पकड) घ्यावा का?

माझं उत्तर: अजून नको. ही तीन दुखणी वेगवेगळ्या जागची आहेत. सरकलेलं भोक बहुतेक वेळा ब्लँक धरण्यातून येतं. तोंडाशी ढिली नळी टेलस्टॉकमुळे (लेथचा सरकणारा भाग, ज्यात बिट बसतं) किंवा बिटामुळे. उडालेल्या ढलपीचा संबंध फक्त कामाच्या क्रमाशी आहे. कोलेट चक पहिल्याला थोडी मदत करेल, बाकी दोन तशीच राहतील आणि खिसा तेवढा हलका होईल.

आधी हे बघू की दोन मिमी सरकलेलं भोक खरंच किती वाईट. ब्लँक पुढे मँड्रेलवर, म्हणजे भोकातून जाणाऱ्या सळईवर, चढतो आणि बाहेरचा भाग त्या भोकाच्या मध्यालाच धरून कातला जातो. 19 मिमीच्या ब्लँकमध्ये भोक दोन मिमी सरकलं तरी जवळच्या बाजूला मध्यापासून साडेसात मिमी लाकूड उरतं. स्लिमलाइनची टोकं कातून साडेआठ मिमी व्यासाच्या आसपास येतात, म्हणजे सव्वाचार मिमी त्रिज्या. पोट जरा फुगीर ठेवलंत तरी लाकूड पुरतं. एकजिनसी लाकडात हा दोष तयार पेनमध्ये दिसणारसुद्धा नाही. तो बोचतो तीन ठिकाणी: तुकडे चिकटवून नक्षी केलेला ब्लँक असेल तर, मोठ्या नळीचं किट असेल तर, आणि किट न वापरता ब्लँकमध्येच आटे पाडून फाउंटन पेन करायचं असेल तर. उलट भोक मधोमध पण तोंडाशी रुंद किंवा आत वळलेलं असेल, तर साध्या स्लिमलाइनलाही ते नडतं. त्यामुळे मला विचाराल तर तुमच्या तक्रारींत ढिल्या नळीची तक्रार जास्त गंभीर आहे.

आता निदान. ड्रिल प्रेसवर ब्लँक स्थिर असतो आणि बिट फिरतं. तिथे बिटाने एकदा वाट सोडली की ते त्याच बाजूला जात राहतं. लेथवर ब्लँक फिरतो, बिट स्थिर असतं. बिट मध्यापासून ढळलेलं असलं तरी ब्लँकच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच्यासमोर ब्लँकची नवी बाजू येते, म्हणून ते एकाच बाजूला पळू शकत नाही. बंदुकीच्या नळ्यांसारख्या खोल भोकांच्या कामात जॉब (ज्यात भोक पाडायचं ती वस्तू) फिरता ठेवतात तो याचसाठी. याचा उलटा अर्थ आपल्या कामाचा आहे: टेलस्टॉक चुकीचा असेल तर लेथवरचं भोक एका बाजूला सरकत नाही, ते सगळीकडून मोठं होतं. भोक एका बाजूला सरकलं असेल तर दोष ब्लँकबरोबर फिरणाऱ्या कशात तरी आहे, म्हणजे ब्लँकच्या पकडीत नाहीतर लाकडाच्या शिरांत.

या दोघांतलं कोण, हे शोधायला तीन-चार टाकाऊ ब्लँक घ्या. चकच्या एक नंबरच्या जॉसमोर (पकडीच्या जबड्यासमोर) येणाऱ्या बाजूवर पेन्सिलने खूण करा, भोक पाडा आणि बाहेर काढून दूरच्या टोकाला चारही बाजूंची भिंत वर्निअरने मोजा. प्रत्येक वेळी खुणेच्या एकाच बाजूला भिंत पातळ येत असेल तर जॉ किंवा चक बघा. दिशा ब्लँकगणिक बदलत असेल तर ब्लँक स्वतःच चौरस नाहीत किंवा शिरा तिरप्या आहेत. ॲक्रिलिकला शिरा नसतात, त्यामुळे तिथेही सरकत असेल तर लाकडाला दोष देण्याची सोय राहत नाही.

छोट्या लेथबरोबर जो चार जॉचा आपोआप मध्य धरणारा चक येतो, त्यात चौरस ब्लँक धरायला सोपा वाटतो. पण ब्लँक एका बाजूने 19 आणि दुसऱ्या बाजूने 18.5 असेल तर चारही जॉ एकदम पुढे येतात, दोनच टेकतात आणि उरलेले दोन हवेत राहतात. घट्ट आवळलं तरी ब्लँक त्या दोन जॉमध्ये झुलतो. पुढचं टोक दिसायला मधोमध असतं, आतलं टोक कुठेतरी भलतीकडे असतं. सुरुवात बरोबर आणि शेवट सरकलेला, हे तुमचंच वर्णन आहे. त्यात जॉ आखूड असले, ब्लँक जेमतेम 15 मिमी आत गेलेला असला, तर विचारायलाच नको.

उपाय फुकटचा आहे. ब्लँक आधी दोन सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार आधारांमध्ये, धरून गोल करा. चौरसाचे कोपरे जाऊन 18 मिमीचा गोल दांडा झाला की त्याची बाहेरची बाजू आणि त्याचा मध्य एकमेकांशी बांधले गेले. मग तो चकमध्ये शक्य तितका खोल घाला. पेनसाठी लांब, अरुंद जॉ मिळतात. ते असतील तर उत्तमच. मग लेथ हाताने फिरवून बघा. टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या पट्टीवर) पेन्सिल टेकवून तिचं टोक ब्लँकला जेमतेम लावा, एकदा चकजवळ आणि एकदा मोकळ्या टोकाशी. दोन्हीकडे रेघ पूर्ण गोल उमटली तर ब्लँक ट्रू, म्हणजे न डगमगता, फिरतोय. एकाच बाजूला उमटली तर त्या बाजूला आउट आहे. सैल करा, थोडा फिरवून पुन्हा आवळा. डायल गेज (डगमग मोजणारं उपकरण) असेल तर लावा, पण लाकडाला पेन्सिल पुरते.

कोलेट चकचं खरं मोल इथे आहे. ईआर-32 मापाच्या कोलेटमध्ये साधारण 20 मिमीपर्यंतचा दांडा मावतो आणि तो लांबीभर सगळीकडून धरला जातो. म्हणजे ब्लँक आधी गोल करावाच लागतो. चौरस ब्लँक कोलेटमध्ये धरायची सोय नाही, हे माहीत नसताना लोक चक मागवतात आणि मग हिरमुसतात.

ओळखीच्या वर्कशॉपमधला लोखंडकामाचा लेथ वापरायला मिळत असेल तर चारही जॉ वेगवेगळे हलणारा चक लावून डायलने ब्लँक ट्रू करा. चौरस ब्लँकसाठी याहून चांगली पकड नाही. फक्त बेडवर, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पाटावर, कापड टाका. तेलकट बेडवर बसलेला शिसवीचा भुसा पाहून लेथवाल्याचा चेहरा कसा होतो ते एकदा बघितलं की पुन्हा कोणी विसरत नाही.

आता टेलस्टॉक. हेडस्टॉकमध्ये (फिरणाऱ्या बाजूला) टोकदार सेंटर आणि टेलस्टॉकमध्येही टोकदार सेंटर लावून दोन्ही टोकं जवळ आणतात, ही तपासणी सगळ्यांना माहीत असते. ती करा, पण वरून आणि बाजूने अशी दोन्हीकडून बघा, आणि टेलस्टॉक बेडवर आवळल्यावर बघा. स्वस्त लेथवर टेलस्टॉक आणि बेडच्या खाचेत एवढी मोकळीक असते की आवळताना तो कधी डावीकडे बसतो, कधी उजवीकडे. सवय लावून घ्या: आवळण्याआधी टेलस्टॉक नेहमी स्वतःकडे ओढून धरायचा. मग चूक असली तरी रोज सारखीच असते, आणि सारखी चूक सुधारता येते.

दोन टोकं जुळली तरी ड्रिल चक (टेलस्टॉकमध्ये बसणारा, बिट धरणारा चक) लावल्यावर बिट ढळलेलं असू शकतं. यासाठी नवं, सरळ बिट ड्रिल चकमध्ये धरा आणि त्याचं टोक हेडस्टॉकच्या सेंटरजवळ आणून किती ढळलंय ते बघा. मग ड्रिल चक टेलस्टॉकमधून काढा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि परत बघा. ढळण्याची बाजू बदलली तर दोष चक, त्याचा आर्बर (मागचा दांडा) किंवा बिट यांचा. बाजू तीच राहिली तर टेलस्टॉकचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि यातून जेवढं कळतं तेवढं महागड्या उपकरणानेही कळत नाही.

बाजू बदलली तर पहिली शंका टेपरवर, म्हणजे आर्बर टेलस्टॉकमध्ये रुतून बसतो त्या निमुळत्या जोडावर, घ्या. मोर्स टेपरची पकड पूर्ण पृष्ठभाग टेकण्यावर अवलंबून असते. आत भुशाचा एक कण अडकला तरी बिटाचं टोक पाव मिमी ढळतं. बोटाला कापड गुंडाळून आतून पुसा, चकचा आर्बर पुसा, तेल लावू नका, आणि एका झटक्यात बसवा. जाता जाता, आपण वापरतो त्या पिळाच्या बिटाचं अमेरिकन पेटंट स्टीफन मोर्स यांनी 1863 साली घेतलं, आणि हा टेपरही त्यांच्याच नावाचा.

दोष टेलस्टॉकचाच निघाला तर लोखंडकामाच्या लेथवर तो बाजूच्या स्क्रूंनी सरकवता येतो. लाकडाच्या छोट्या लेथवर ही सोय क्वचित असते. तिथे आधी लेथ टेबलावर कसा बसलाय ते पाहा. चार पायांपैकी एक अधांतरी असताना बोल्ट आवळले की बेड पिळला जातो आणि दोन टोकांचे मध्य जुळत नाहीत. बोल्ट सैल करून फट असलेल्या पायाखाली पत्र्याची पट्टी सारा, मग आवळा. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं.

टेलस्टॉक 0.2 मिमी ढळलेला असेल तर भोकाचं तोंड 0.4 मिमीपर्यंत मोठं होऊ शकतं. पुढे बिट आत शिरलं की भोकाच्या भिंती त्याला आवरतात, ते किंचित वाकून मध्यावर येतं आणि उरलेलं भोक मापात येतं. तोंडाशी ढिली, आत घट्ट अशी नळी यातूनच होते.

दुसरा संशयित बिट. पिळाच्या बिटाला दोन धारा असतात आणि त्यांच्या मधे टोकावर एक छोटी आडवी कड. ती कड कापत नाही, दाबते आणि घासते. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या असतील तरच ती मधोमध येते. हाताने ग्राइंडरवर धार लावलेल्या बिटाची एक धार जवळजवळ नेहमी लांब असते, आणि असं 7 मिमीचं बिट 7.3 चं भोक पाडून मोकळं होतं. ओळखायचं कसं? ॲक्रिलिकमध्ये पाडून बघा. पिळाच्या दोन्ही खाचांतून सारख्या फिती निघाल्या तर बिट ठीक. एकातून फीत आणि दुसऱ्यातून चुरा, तर ते बिट भिंतीला भोक पाडायला घरात ठेवा आणि पेनसाठी नवं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) बिट आणा. टोटेम, ॲडिसन, मिरांडा या ब्रँडांपैकी कुठलंही चालेल. टोकाची आडवी कड घासून कमी केलेलं 135 अंशांचं बिट मिळालं तर ते घ्या. सुरुवातीला ते कमी भटकतं. लाकडासाठी मधे सुई आणि कडेला काटे असलेली बिटं मिळतात, पण त्यांचे काटे आडवे तंतू कापण्यासाठी असतात. आपण ब्लँकच्या टोकातून, तंतूंच्याच दिशेने आत जातो, त्यामुळे तिथे त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि ॲक्रिलिकमध्ये ते काटे अडकून टवका काढतात.

बिटाची लांबीही बघा. 7 मिमीचं नेहमीचं बिट 109 मिमी लांब असतं, त्यात खाचा 69 मिमी. ड्रिल चकमध्ये ते जेमतेम टोकाशी धरू नका. बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला बिट आठपट वाकतं. शक्य तेवढं आत ढकला, फक्त जॉ खाचांवर येऊ देऊ नका.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष भोक. सगळ्यात जास्त लक्ष पहिल्या पाच मिमीवर द्या. ब्लँकचं समोरचं टोक आधी गुण्यात (काटकोनात) करून घ्या. करवतीने तिरपं कापलेलं टोक असेल तर बिटाची एक धार आधी टेकते आणि बिट तिथूनच कलतं. मग सेंटर ड्रिल (मध्याचा खळगा पाडणारं बिट) लावा. ते आखूड आणि जाड असल्याने वाकत नाही, त्यामुळे मध्य तेच ठरवतं. खळगा 7 मिमीपेक्षा कमी व्यासाचाच ठेवा. ॲक्रिलिकमध्ये तर अगदी उथळ पुरे, कारण सेंटर ड्रिलचा खळगा 60 अंशांचा आणि बिट 118 चं. खोल खळग्याच्या कडेवर बिटाच्या धारा आधी आदळतात आणि टवका उडवतात. मग बिट लावून पहिले चार-पाच मिमी अगदी सावकाश जा. इथे घाई केली तर पुढची काळजी सगळी वाया.

टेलस्टॉकचं बॅरल (हँडलने पुढे-मागे सरकणारा दांडा) शक्य तितकं कमी बाहेर ठेवून सुरू करा आणि त्याचा लॉक हलकासा आवळा, म्हणजे हँडल फिरवताना थोडं जड लागेल. ती जड जाणीव चांगली, बॅरलची हलहल तेवढी कमी होते. बऱ्याच छोट्या लेथचं बॅरल 60 मिमीच्या आसपासच चालतं आणि स्लिमलाइनची नळी 53 मिमीच्या जवळपास असते, म्हणजे एका दमात जेमतेम होतं. कमी पडलंच तर लेथ थांबवून टेलस्टॉक पुढे घ्या, चालू लेथवर नको.

वेग किती? 7 मिमीला लाकडात मी 800 ते 1000 आरपीएमवर जातो, 10 ते 12 मिमीच्या बिटाला 500-600 वर. ॲक्रिलिकला 500 किंवा त्याहून कमी. पण वेगापेक्षा महत्त्वाचं आहे कीस बाहेर काढणं. पहिल्या 20 मिमीपर्यंत तो आपोआप बाहेर येतो. त्यानंतर खाचा भरू लागतात, आतला कीस दाबला जातो, भिंत घासतो, गरम होतो आणि बिटाला बाजूला रेटतो. शिसवीत तर राळ वितळून कीस खाचेत चिकटून बसतो. म्हणून 20 च्या पुढे दर आठ-दहा मिमीला बिट पूर्ण बाहेर काढा आणि ब्रशने साफ करा. अर्धवट मागे घेऊन पुन्हा पुढे जाण्यात काही अर्थ नाही. कीस आतच राहतो.

बिट मागे घेताना दुसरा हात ड्रिल चकवर ठेवा. बिट अडकलेलं असेल तर टेपर सुटून अख्खा चक ब्लँकबरोबर फिरायला लागतो, आणि त्या क्षणी तो आवरता येत नाही. अडकल्यासारखं वाटलं तर आधी लेथ बंद, मग ओढाओढ. हातमोजे नकोत, लोंबत्या बाह्या नकोत, चेहऱ्यावर शील्ड हवी. शिसवीचा भुसा अनेकांना सोसत नाही, अंगावर पुरळ येतं, दमही लागतो; मास्क लावा.

उष्णतेचा परिणाम ॲक्रिलिकमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. ते उष्णता वाहून नेत नाही, आणि तापलं की पितळेच्या तीन-चार पट फुगतं. गरम असताना भोक मापात असतं, थंड झाल्यावर आकसतं आणि नळी आत जात नाही. जास्तच तापलं तर कीस वितळून बिटाला डकतो. साबणाच्या पाण्याचा फवारा मारत जा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको. अल्कोहोलने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, आणि ते कधी कधी पॉलिश झाल्यावर दिसतात. उष्णतेच्या बाबतीत एबोनाइटचंही असंच. ते गंधक घालून कडक केलेलं रबर, तापलं की गंधकाचा वास सुटतो. राजमुंद्रीचे रत्नम पेन हाताने कातले जातात ते याच एबोनाइटचे. वास आला की थांबायचं, एवढं सोपं थर्मामीटर दुसऱ्या कुठल्या ब्लँकला नाही.

लाकडाचंही स्वतःचं मन असतं. सागवानात वर्षवलयांचे मऊ आणि कडक पट्टे एकाआड एक येतात, आणि शिरा तिरप्या असल्या तर बिट मऊ पट्ट्याकडे घसरतं. शिवाय त्यात सिलिका असते, धार लवकर जाते. शिसवी जड असते पण तिच्या शिरा एकमेकांत गुंतलेल्या, त्यामुळे बिट एकाच बाजूला सहसा पळत नाही. तुमचं शिसवीतही सरकतंय म्हणूनच माझा संशय पकडीवर आहे. गाठीजवळचा ब्लँक पेनसाठी कितीही सुंदर दिसला तरी भोकाच्या वाटेत गाठ येणार असेल तर बाजूला ठेवा.

बाहेर पडताना उडणाऱ्या ढलपीवर उपाय एकच: बाहेर पडूच नका. नळी 53 मिमीची असेल तर ब्लँक 70 चा कापा, भोक 58 पर्यंत पाडा आणि थांबा. बिटावर टेपची खूण करून ठेवा. मग चकमधून काढून बंद टोक करवतीने कापून टाका. भोक उघडतं, ढलपी उडत नाही, आणि चकच्या बाजूला धरायला लाकूडही मिळतं. 70 मिमीपेक्षा आखूड ब्लँक कापून लाकूड वाचवणारे लोक शेवटी दोन ब्लँक वाया घालवतात.

मोठ्या किटबद्दल एवढंच. सिएरा या किटला 27/64 इंच लागतं, म्हणजे 10.72 मिमी, 10.7 चं मेट्रिक बिट चालतं. इतक्या मोठ्या भोकासाठी आधी बारीक भोक पाडावं का, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत, नको. मोठं बिट बारीक भोकाच्या मागे जातं, ते वाकडं असेल तर वाकड्याच वाटेने, आणि ॲक्रिलिकमध्ये मधलं साहित्य नसल्याने धारा एकदम खोल घुसून ब्लँक फोडतात. रीमरनेही वाकडं भोक सरळ होत नाही. तो भोकाच्या मागे जाऊन ते गुळगुळीत करतो, बस. सरळ करायचं असेल तर बोरिंग बारच (भोक आतून कातणारं हत्यार) हवा, आणि त्यासाठी लोखंडकामाचा लेथ. किट न वापरता पेन करणाऱ्यांनी ही गोष्ट लवकर मान्य केली तर त्यांचं बरंच एबोनाइट वाचेल.

कुठल्याही नव्या बिटाने खऱ्या ब्लँकवर जाण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यात एक भोक पाडून नळी घालून बघा. नळीसुद्धा वर्निअरने मोजा, किटागणिक ती थोडी बदलते. बोटाने ढकलल्यावर सरकावी पण खडखडू नये, एवढी फट डिंकासाठी पुरेशी.

हे सगळं करूनही खर्च करायचाच असेल तर आधी नवं बिट आणि सेंटर ड्रिल, मग बरा ड्रिल चक, मग पेनचे लांब जॉ, आणि त्यानंतर कोलेट चक.

राहता राहिले आधीच बिघडलेले ब्लँक. भोक नुसतं सरकलेलं असेल तर ते निर्धास्त वापरा. तोंडाशी रुंद झालेल्यांत झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका, नळी अर्ध्यात अडकेल आणि फट भरणारही नाही. सावकाश घट्ट होणारा दोन ट्यूबमध्ये येणारा इपॉक्सी घ्या, पितळी नळी पॉलिश पेपरने खरवडा, इपॉक्सी लावून पिळत पिळत आत घाला आणि ब्लँक रात्रभर उभा ठेवा, रुंद तोंड वरच्या बाजूला. ॲक्रिलिक अर्धपारदर्शक असेल तर मात्र नळीवर आधी रंग द्या आणि भोकात आतूनही रंगाचा एक हात फिरवा, नाहीतर ती इपॉक्सीची जाड बाजू कातल्यावर बाहेरून स्पष्ट दिसते.